खसखशीएवढी खपली

२१ जून

वटपौर्णिमा. इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, वड नाही. तळ्याकाठच्या पार्कात, जिथे कापलेलं गवत संपून रान सुरू होतं, तिथे एक जुना ओक आहे. इथल्या बायका वर्षानुवर्षं त्यालाच दोरा गुंडाळतात. शेजारच्या पद्मिनीकाकूंनी ही प्रथा पाडली. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. ओक आहे.

ऑफिसं सुटल्यावर जमायचं ठरलं होतं. मी लग्नातली पैठणी नेसले. गाडीत बसताना रवींद्रकाका, पद्मिनीकाकूंचे यजमान, त्यांच्या मेलबॉक्सपाशी उभे होते.

"आश्लेषा, आत मोजे घाल. पांढरे, काही चढलं तर दिसतं. आणि घरी आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये टाक. पद्मिनी तसंच करायची."

"पैठणी ड्रायरमध्ये, काका?"

"ती सुती नेसायची," ते म्हणाले.

पार्कात मैत्रिणीला, प्रीताला, सांगितलं. ती म्हणाली, "मोजेच का, हायकिंगचे बूट घालूनच फेरे मारू या ना यार." सगळ्या हसल्या. मीही.

पाचोळ्यात बसून पूजा केली. सात जन्मांवर माझा विश्वास नाही. एकावर आहे.

घरी आले तेव्हा उपासाने डोकं दुखत होतं. पैठणी सोडून पलंगावर टाकली. परीक्षित बेसमेंटमधून वर आला. त्याच्या कंपनीची नवी सिस्टिम सुरू व्हायचीय, गो-लाइव्ह आहे; हा आठवडाभर तो घराबाहेर पडलेला नाही. गवत कापायचा मोअर दुरुस्तीला गेलाय, गवत घोट्यापर्यंत आलंय, त्याचंही त्याला भान नाही. पण पैठणीची घडी त्यानेच घातली. नेहमी तोच घालतो. काठाला काठ लावून, खांद्यावरून सोडून, शीळ घालत. माझी घडी तिरकी येते.

२४ जून

परीक्षितच्या खांद्यामागे खाजत होतं. पाहिलं. खसखशीएवढी खपली. नखाने काढली, सिंकमध्ये टाकली.

गो-लाइव्ह झालं. तो जेवायलाही उठला नाही, झोपून राहिला.

६ जुलै

त्याच्या खांद्यामागे नायटा उठलाय. वाटोळा, कडेला गडद. पुण्याहून आणलेलं मलम लावलं. आईने दिलं होतं. दोन दिवसांत जाईल.

१३ जुलै

ताप. सांधे दुखतात म्हणतो. अर्जंट केअरला नेलं. डॉक्टर तरुण होता, नम्र. व्हायरल आहे म्हणाला, पाणी भरपूर प्या. त्याने शर्ट काढायला सांगितलं नाही. आम्हीही काढला नाही. तापासाठी गेलो होतो, नायट्याचं काय दाखवायचं?

संध्याकाळी खिडकीतून हरणं दिसली. आमच्या आणि काकांच्या हद्दीवर सफरचंदाचं झाड आहे, पद्मिनीकाकूंनी लावलेलं. त्याखाली पाच होती. आन्याने फोटो काढला. लेक सतरा वर्षांची आहे. अजून हरणांचे फोटो काढते.

२७ जुलै

सकाळी परीक्षित चहा करत होता. शीळ ऐकू आली नाही. हवा ऐकू आली. मी स्वयंपाकघरात गेले. तो ओट्यापाशी उभा होता, ओठ पुढे काढून, आणि डाव्या बाजूने नुसती हवा जात होती. मग त्याने चहा प्यायला. तो शर्टावर सांडला.

अर्धा चेहरा उतरला होता. डावा डोळा मिटत नव्हता. मला वाटलं, लकवा. वय सेहेचाळीस.

गाडी आन्याने चालवली. मी परीक्षितला धरून बसले. तो मागे बसून म्हणत होता, "रेड लाइट आहे, आन्या, रेड आहे." ती म्हणाली, "बाबा, आय नो हाउ टु ड्राइव्ह." शब्द नेहमीचे होते. त्याचा आवाज नव्हता.

इमर्जन्सीतल्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला तो मेंदूचा नव्हता. तिने शर्ट काढायला लावला. पाठ पाहिली. मग फोनवर एक चित्र दाखवलं: गोऱ्या पाठीवर लाल कडी, मधे लाल ठिपका. "हे असं होतं का?" असं नव्हतं. परीक्षितची पाठ गव्हाळ. तिथे लाल काही नव्हतं. जांभळट होतं, चहाचं भांडं ठेवल्यावर ओट्यावर राहतं तसं.

"तेच," ती म्हणाली.

लाइम. गोचीड चावल्याने होतो. आपल्याकडे गोचीड म्हटलं की म्हैस आठवते, कुत्रा आठवतो. इथली खसखशीएवढी असते.

मी तिला नखाचं सांगितलं नाही.

२८ जुलै

चेहरा हा मोठा प्रश्न नाही, असं त्यांनी सांगितलं. मोठा प्रश्न हृदय. वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात निरोप उशिरा पोचतोय. जंतू तिथे शिरलेत. शिरेतून औषध सुरू आहे. औषधाला वेळ लागतो, आणि हृदय तेवढा वेळ देईल की नाही ते सांगता येत नाही.

परीक्षित पडल्या पडल्या मॉनिटर वाचतो. त्याचं कामच ते. सिस्टिम बंद पडली की कुठून पडली हे शोधायचं. मला म्हणाला, "याचं रूट कॉज काढायचं झालं तर..." मग माझ्याकडे पाहिलं आणि थांबला.

"तर काय?"

"काही नाही. तू काही खाल्लंस का?"

रूट कॉज मी काढलं. खुर्चीवर बसून काढलं. गोचीड हरणावरून येते. हरणं सफरचंदाला येतात. सफरचंद काकांचं. दर शनिवारी परीक्षित त्या झाडाखालचं गवत कापतो.

इतकं सोपं आहे.

३० जुलै

ठोके तिशीत गेले. धावपळ झाली. मानेतून तार आत घातली. आता बाहेरचं यंत्र त्याचं हृदय चालवतंय. यंत्राचा डबा पलंगाच्या कडेला टांगलाय, आपल्याकडच्या रेडिओएवढा.

प्रीता डबा घेऊन आली. "नावच बघ ना," म्हणाली. "परीक्षित. आणि चावावं काय, तर एवढंसं." तिला सांत्वन करायचं होतं. मी डबा घेतला आणि तिला जायला सांगितलं.

बाकीच्या बायका नवस बोलतात. मी बोलले नाही. हा वाचला तर मी देवाला काही देणार नाही. रवींद्रकाकांकडून घेईन.

४ ऑगस्ट

तार काढली. हृदय आपलं आपण चालतंय. घरी आलो. डावा डोळा झोपताना पट्टीने बंद करावा लागतो. पट्टी मी लावते. जिना चढताना तो मधे बसतो आणि बूट पाहत असल्यासारखं करतो.

६ ऑगस्ट

काका आले. हातात बुटांचं जुनं खोकं. आत अणकुचीदार चिमटा, कपड्यांवर मारायचं औषध, चिकटपट्टीचा रोलर. दारातच उभे राहिले.

"कसा आहे?"

"आहे."

"आम्हाला दोघांनाही झाला होता, नव्वदच्या सुमाराला. तेव्हा डॉक्टरही ओळखत नसत. पद्मिनीचे गुडघे शेवटपर्यंत..." त्यांनी खोकं दुसऱ्या हातात घेतलं. "आश्लेषा, एक विचारायचं होतं. त्या पूजेच्या दिवशी तू कपडे..."

"काका, तुमची हरणं माझ्या दारात येतात."

"माझी कुठली हरणं?"

"झाड कोणाचं आहे?"

त्यांनी झाडाकडे पाहिलं. "पद्मिनीचं," म्हणाले.

मी दार लावलं. खोकं पायरीवर राहिलं. संध्याकाळी परीक्षितने ते आत आणलं आणि गराजमध्ये ठेवलं. मी त्याला विचारलं, तुला चीड येत नाही का? म्हणाला, "चिडायला ताकद लागते."

त्याला चीड येत नाही. त्याच्या वाटणीचंही मलाच चिडावं लागतं.

१० ऑगस्ट

टाउनशिपला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, तक्रार केली. हरणांना खायला घालायला इथे बंदी आहे. सोबत आन्याने काढलेला फोटो जोडला. 'शेजारी हरणांना खायला घालतात' असं लिहिलं. सफरचंदं आपोआप पडतात हे मला माहीत आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला रोज वाकून ती उचलता येत नाहीत, हेही माहीत आहे. पण पडू देणं म्हणजे घालणंच.

आन्याला फोटोचं कळलं. ओरडली. "आई, ही वॉज इन द बेसमेंट दॅट होल वीक! मोअर वॉज इन द शॉप! बाबा वॉजन्ट ईव्हन आउटसाइड!"

"तुला आठवत नाही," मी म्हटलं.

"यू डोन्ट वॉन्ट टु रिमेंबर."

या वयात मुलं असंच बोलतात. परीक्षित सोफ्यावर होता. त्याने ऐकलं. आन्याला म्हणाला, "जाऊ दे. तिला त्रास देऊ नको." तिला. म्हणजे मला. आजारी तो आहे.

२० ऑगस्ट

गेल्या आठवड्यात खिडकीतून पाहिलं. काका गुडघ्यांवर बसून हद्दीवरच्या दगडी बांधाच्या फटींत काहीतरी ठेवत होते. ते घरात गेल्यावर मी तिथे गेले. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळ्या, आत कापूस कोंबलेला. उंदरांना गाद्या! मी आता बरंच वाचलंय. गोचिडीच्या पोटात हा जंतू उंदरापासून जातो. हरणांना जेवण आणि उंदरांना बिछाना.

हातमोजे घालून सगळ्या नळ्या उपसल्या. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. काळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाकल्या. परतताना काका त्यांच्या खिडकीत उभे दिसले. मी मुद्दाम सावकाश चालले.

परवा परत ठेवल्या त्यांनी. मी परत काढल्या. मग ठेवल्या नाहीत.

७ सप्टेंबर

गणपती. मंडळाची पहिली आरती दरवर्षी काकांची. मंडळ त्यांनीच चार कुटुंबांत सुरू केलेलं. मी गेला महिनाभर कोणाला खोटं सांगितलं नाही. फक्त ग्रुपवर परीक्षितचा हॉस्पिटलमधला फोटो पाठवला, तार घातलेला, आणि खाली हरणांचा. बाकीचं बायकांनी केलं.

यंदा आरतीचं तबक प्रीताने तिच्या नवऱ्याच्या, शंतनूच्या हातात दिलं. शंतनूला आरती पाठ नाही. फोनवर बघून म्हणत होता.

काका मागे, चपलांपाशी उभे होते. लांबून नमस्कार केला. कोणीतरी मोदक पुढे केला, त्यांनी हात छातीवर ठेवला आणि गेले.

मला बरं वाटलं. इथे खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहिते. छान वाटलं, उपास सोडताना पहिल्या घासाला वाटतं तसं.

परीक्षित गाडीत बसून होता, थकून. काका त्याच्या खिडकीपाशी थांबलेले पाहिले. काय बोलले विचारलं. "विचारत होते, डोळा मिटतो का. मिटतो म्हटलं."

१२ ऑक्टोबर

टाउनशिपची दुसरी नोटीस काकांना आली. झाडाखाली फळं राहता कामा नयेत.

आज झाड पडलं. काकांनीच माणसं बोलावली. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. फांद्या आधी गेल्या, आमच्या बाजूच्याही. करवतीचा आवाज चढला की काका मान वळवायचे. एकदा त्यांनी माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी पडदा ओढला नाही.

जमिनीलगत खोड राहिलंय. ताजं, पिवळं.

हा माणूस भांडत का नाही, हे मला कळत नाही. एकदा तरी भांडावं.

१९ ऑक्टोबर

पांढरी चादर गवतावरून ओढत नेली की गोचिडी तिला चिकटतात. या दिवसांत मोठ्या निघतात, तिळाएवढ्या. पकडून स्पिरिटच्या बाटलीत टाकायच्या. बुडताना पाय हलवतात. तेवढं मी पाहत बसते.

हद्दीवर चादर फिरवली. बांधाच्या कडेने, खोडाभोवती, काकांच्या बाजूनेही. काल काही नाही. आज काही नाही. मी उशीर केला. झाड गेलं तशा पांगल्या असणार.

बाटली तर भरायची आहे. शेवटी पार्कात गेले. ओकाखाली चादर टाकली, उचलली तर ठिपकेच ठिपके. एका फेरीत बाटलीचा तळ झाकला. खोडावर जूनमधला दोरा अजून आहे, पावसाने पांढरा पडलेला.

हरणं कुठेही चालत जातात.

१ नोव्हेंबर

दिवाळी. पायरीवर काकांची ताटली. दरवर्षी येते. काकू असताना पाच जिन्नस असायचे. त्या गेल्यापासून फक्त चिवडा, काका स्वतः करतात. शेंगदाणे थोडे करपतात.

मी चिवडा कचऱ्यात टाकला. ताटली धुतली. पुसली.

शेजारच्याची ताटली रिकामी परत करू नये, असं आई मानायची. साखर तरी घालायची. मी मधोमध बाटली ठेवली, वर कागदी रुमाल घातला, आणि नेऊन त्यांच्या दारात ठेवली. घंटी वाजवली. मी परत आले.

३ नोव्हेंबर

परीक्षितला कळलं. काकांनी नाही सांगितलं, आन्याने खिडकीतून पाहिलं होतं. तो माझ्यावर ओरडला नाही. कोट घातला, बर्फ नसताना बर्फावर चालावं तसा सावकाश चालत काकांकडे गेला. अंधार पडेपर्यंत आला नाही.

आल्यावर विचारलं, "एवढा वेळ काय बोलत होतात?"

"चहा प्यायलो."

"माझ्याबद्दल काय म्हणाले?"

"विचारत होते, पैठणी कुठल्या रंगाची."

म्हातारा भ्रमिष्ट झालाय.

परीक्षित कोट न काढता बसला होता. माझ्याकडे पाहत होता. चेहरा आता बराच सरळ झालाय, पण डावी बाजू अजून मागाहून येते. त्यामुळे तो दुःखी आहे की नुसता थकलेला, हे लगेच कळत नाही.

"एक ऐकशील?" म्हणाला. "आता थांब."

"तू माफ केलंस. मी केलं नाही."

"माफ करण्यासारखं त्यांनी काही केलेलं नाही."

"मग कोणी केलं?"

तो उठला. कोट खुंटीला लावला. "गोचिडीने," म्हणाला.

१७ जानेवारी

बर्फ. लिहिण्यासारखं नाही. परीक्षित अर्धा दिवस काम करतो, मग झोपतो. डॉक्टर म्हणते, जंतू गेलेत, थकवा मागे राहतो, हळूहळू जाईल. हळूहळू म्हणजे किती हे तिलाही माहीत नाही. चहा करताना ओठ पुढे काढतो. हवा.

काकांचा ड्राइव्हवे दोन दिवस कोणी साफ केला नव्हता. आज परीक्षित फावडं घेऊन निघाला होता. मी फावडं ओढून घेतलं. त्या हृदयावर बर्फ उपसणार? शेवटी आन्या गेली. मी तिला अडवलं नाही. कारण मला लिहिता येत नाही.

२२ मार्च

काकांनी घर विकलं. लांब कॅरी गावाला, मुलीकडे जातायत. ट्रक आला होता. मी जिंकले. हे वाक्य लिहून पाहायचं होतं. लिहिलं.

परीक्षित मदतीला गेला. उचलण्यासारखं काही नव्हतं. तो काकांबरोबर उभा राहिला, एवढंच. निघायच्या आधी काका आमच्या दारात आले. मी या वेळी दार लावलं नाही. जाणाऱ्याला काय दार लावायचं?

"आश्लेषा, नळ्या परीक्षितकडे दिल्यात," म्हणाले. "मे महिन्यात बांधात ठेवा. पुन्हा ऑगस्टमध्ये."

"कसल्या नळ्या?"

"कापसाच्या. कापसाला औषध असतं. उंदीर तो बिळात नेतात, त्यावर झोपतात. अंगावरच्या गोचिडी मरतात, उंदराला काही होत नाही. पद्मिनीला झाला तेव्हापासून ठेवतो. दोन्ही बाजूंना. तुमच्याही."

ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगायला आलो होतो." त्यांनी दाराच्या चौकटीकडे पाहिलं. "येतो म्हणू नये, आता काही येत नाही मी. जातो."

वाकून नमस्कार करायला हवा होता. वयाने मोठे. मी दाराची कडी धरून उभी होते.

२३ मार्च

म्हणजे ते उंदरांना गाद्या देत नव्हते.

तरी झाड होतंच. हरणं होतीच. फोटो आहे.

१८ मे

परीक्षित आणि आन्या बांधावर. तो नळ्यांत कापूस कोंबतो, ती फटींत ठेवते. तिने पँट मोज्यांत खोचलीय. घरात शिरताना दोघं गराजमध्ये कपडे बदलतात आणि सरळ ड्रायरमध्ये टाकतात. धुवायच्या आधी. मी म्हटलं, मळके कपडे कशाला वाळवायचे? आन्या म्हणाली, "पाण्यात मरत नाहीत, आई. हीटने मरतात. दहा मिनिटं, हाय सेटिंगवर. नाहीतर घरात येतात, कपड्यांवरून. मग दुसऱ्याच कुणाला तरी..."

"आन्या," परीक्षित म्हणाला.

ती माझ्याकडे न पाहता वर गेली.

शेजारी नवीन लोक आलेत. अजून ओळख झाली नाही. त्यांच्या मुलाने खोडावर चेंडू ठेवलाय.

१० जून

वटपौर्णिमा. प्रीताने ग्रुपवर लिहिलं, यंदा पार्क कॅन्सल, टिक्सची भीती वाटते, माझ्या पॅटिओवर कुंडीतलं झाड पुजू. मी लिहिलं, माझा नवरा वाचलाय, मी ओकाकडेच जाणार. 

पैठणी काढली. गेल्या वर्षीची घडी तशीच होती, काठाला काठ.

परीक्षित दारात आला. हातात पांढरे मोजे. "घाल."

"काकांसारखं बोलू नकोस."

"घाल ना."

मी घातले नाहीत. त्यांचं ऐकल्यासारखं झालं असतं. त्याने मोजे घडी करून खिशात ठेवले.

ओकाखाली एकटीच होते. दोरा गुंडाळताना पाचोळ्यात पाऊल घोट्यापर्यंत बुडत होतं. ऑक्टोबरात याच जागी चादर टाकली होती. उचलली तेव्हा ती कशी दिसत होती ते आठवलं. मी फेरे मोजत होते, मोजणं चुकलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा चुकलं. पैठणीचा काठ पाचोळ्यावरून ओढला जात होता, रुंद, जरीचा, झाडून नेल्यासारखा. मी दोरा तिथेच सोडला.

घरी आले तर तो गराजमध्ये उभा. माझा गाऊन घेऊन.

"इथेच सोड."

"रेशीम आहे ते."

"माहीत आहे."

मी पैठणी सोडली. त्याने हातात घेतली. खांद्यावर घेतली नाही. अंगापासून लांब धरून, चुरगळली तशीच ड्रायरमध्ये कोंबली. हाय. दहा मिनिटं. जरीचा काठ आतल्या पत्र्यावर वाजत राहिला, किणकिण. लग्नातली. तिचं काय होणार ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्याने स्टूल ओढलं, मला बसवलं, फोनचा टॉर्च लावला. आधी कानामागे पाहिलं. मग गुडघ्यांच्या मागे. मग घोटे. बोटं थंड होती. आणि पाहता पाहता, लक्षात न येता, त्याच्या तोंडून शीळ निघाली. फाटकी, मधे मधे हवा, पण तीच. पैठणीची घडी घालताना घालायचा ती.

मी ऐकत होते. ड्रायर फिरत होता.

"गेल्या वर्षी घडी तूच घातली होतीस," मी म्हटलं. "खांद्यावरून."

शीळ थांबली.

"परीक्षित. तुला कधीपासून माहीत आहे?"

त्याने माझे केस बाजूला केले.

"मान खाली कर," म्हणाला.

समोरच्या खिडकीतून शेजारचं खोड दिसतं. आता काळं पडलंय. मी ते पाहिलं नाही. मान खाली होती.